नापासरावांचे अकरा पंखे

पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं टेबलफॅन तपासलेल्या त्या गृहस्थांचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठं उरलंच नव्हतं. सगळे त्यांना नापासराव म्हणत. पट्ट्यावरून पंखा समोर आला की ते आधी त्याच्याकडे नुसतं बघत, मग बटण दाबत, मग डोळे मिटून कान लावत. पास झाला तर पंखा मुकाट पुढे जाई. नाही झाला तर त्याच्या मानेला लाल चिठ्ठी बांधली जाई आणि तो ज्यानं जोडला त्या फिटरचं तोंड दिवसभर उतरलेलं असे.

घरीही तीच तऱ्हा. बादली घ्यायला गेले की दुकानदाराला ती पाण्यानं भरून टांगायला लावत. मुलीला शाळेत शंभरपैकी पंचाण्णव मार्क पडले तेव्हा त्यांनी उरलेल्या पाचांची चौकशी केली. जावई पहिल्यांदा भेटायला आला, तर हा मुलगा चालताना डावा पाय घासतो असं त्यांनी पाच मिनिटांत जाहीर केलं. बूट नवा आहे, चावतोय, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. त्यावर नापासराव म्हणाले होते की बूट जुना झाला की पुन्हा बघू.

पण या माणसाची एक गंमत होती. नापास झालेला पंखा भंगाराच्या गाडीत चढताना दिसला की ते गाडीपर्यंत त्याच्या मागे मागे जायचे. आपणच चिठ्ठी बांधली आणि आता आपणच त्याला वाऱ्यावर सोडायचं, हे काही मनाला पटायचं नाही. मग दोन-तीन वर्षांनी एखादा पंखा ते भंगाराच्या भावात विकत घेत आणि काखोटीला मारून घरी आणत. निवृत्त झाले तेव्हा घरात असे अकरा पंखे जमले होते. तीन पलंगाखाली, दोन कपाटावर, एक न्हाणीघराच्या माळ्यावर, बाकीचे सोफ्यामागे, आणि एकही धड नाही.

त्यांची बायको घरीच पडदे शिवायची. पडद्याचं कापड आडवंतिडवं पसरायला जमीन लागते, आणि जिथं कात्री फिरवावी तिथं पंखा आडवा येई. एका शुक्रवारी तिच्या हातून एका हॉटेलच्या आठ पडद्यांचं कापड पंख्याच्या जाळीत अडकून टरकन फाटलं. तिनं जावयाला फोन केला आणि विचारलं की शहराबाहेरच्या त्या बंद विमानतळावर जो मोठा जुना बाजार भरतो, तो या रविवारी आहे का. होता.

जावई मोटार शिकवायच्या शाळेत मास्तर होता आणि त्याच्याकडे गाडी म्हणाल तर ती शाळेचीच. टपावर शिकाऊ चालकाची पाटी, आणि मास्तरच्या बाजूला वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. सात पंखे डिकीत आणि टपावर गेले. उरलेले चार मागच्या सीटवर बायको, मुलगी आणि नऊ वर्षांची नात यांनी तान्ह्या बाळासारखे मांडीवर घेतले. नापासरावांचे गुडघे मागे मावत नव्हते, म्हणून ते पुढे बसले. म्हणजे ब्रेकपाशी.

निघताना जावयानं फक्त एवढंच सांगितलं होतं, "बाबा, पाय तेवढा मागे घेऊन बसा." नापासरावांनी मान डोलावली. पहिल्या वळणाला गाडी गचकन थांबली आणि नातीच्या मांडीवरचा पंखा आजीच्या मांडीवर गेला. जावयानं मागे वळून काय झालं ते पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मी दाबला नाही," नापासराव म्हणाले. "टेकला."

पुढे रस्ताभर हेच. समोर ट्रक दिसला की पाय टेकायचा, मागे ट्रक दिसला तरी टेकायचा. जावई चिडला नाही. चौदा वर्षं त्यानं घाबरट माणसांना रस्त्यावर आणलं होतं, त्याचा संयम हा त्याच्या पोटापाण्याचा भाग होता. तासाभरानं तर सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "छान, आता हळूच सोडा." आणि सासऱ्यांनीही निमूटपणे हळूच सोडला. पुढे एका नाक्यावर शेजारी उभ्या राहिलेल्या ट्रकचा ड्रायव्हर बराच वेळ टपावरची पाटी न्याहाळत होता. शेवटी खिडकीतून वाकून तो नापासरावांना म्हणाला, "मास्तर, तुमचा विद्यार्थी तयार झालाय. आता परीक्षेला बसवून टाका." जावई तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता.

जुना बाजार विमानतळाच्या धावपट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. हात तुटलेल्या खुर्च्या, टायपरायटर, दवाखान्यातले पलंग, पुस्तकांनी भरलेला एक न्हाणीचा टब, टोपलीभर दारांच्या मुठी. यांना टेबल मिळालं, विजेची वायर मिळाली, पंखे ओळीनं मांडले गेले. बायकोनं पदर खोचला आणि मांडला माल आवाज चढवून विकायला घेतला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नुकतंच घर मांडलेलं एक जोडपं. बायको त्यांना सांगत होती की असा पंखा आजकाल मिळत नाही, बॉडी लोखंडी आहे, वारा भरपूर. नापासराव तिच्या मागून पुढे आले आणि म्हणाले, "मान फिरत नाही याची." जोडपं गेलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितलं की हा दहा मिनिटांनी सुरू होतो, तोवर तुम्ही घामाघूम व्हाल. तिसऱ्यानं तर काही विचारलंही नव्हतं, तो नुसता सावलीला थांबला होता. त्यालाही त्यांनी हाक मारून दोष दाखवला.

तेव्हा बायको त्यांना बाजूला घेऊन अगदी शांत आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही जरा पाय मोकळे करून या. घाई करू नका."

नापासराव निघाले ते कपबशांच्या टेबलापाशी थांबले. एक कप उचलला, बोटावर तोलला आणि नखानं टिचकी मारून कानाशी धरला. शेजारी सहा कपांचा सेट घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं की हे काय करताय. ते म्हणाले की कपाला तडा असेल तर तो ठक्क बोलतो, नसेल तर वाजत राहतो. बाईंनी आपले सहाही कप पुढे केले. दोन ठक्क बोलले. बाईंनी सेट खाली ठेवला.

यानंतर काय झालं ते त्यांना नीटसं कळलंच नाही. कुणीतरी नुकतीच घेतलेली खुर्ची आणली, त्यांनी डोळे मिटून ती हलवली आणि कुठला पाय कधी निखळेल ते सांगितलं. मग एक सुटकेस आली, एक गिटार आली, एक इस्त्री आली. अर्ध्या तासात त्यांच्या मागे पंचवीस माणसं रांगेत उभी होती आणि टेबलांच्या त्या ओळीतल्या दुकानदारांची विक्री ठप्प झाली होती. कपबशीवाला तावातावानं जाऊन बाजाराच्या व्यवस्थापिकेला घेऊन आला. ही गळ्यात शिट्टी अडकवलेली उंच बाई. तिनं नापासरावांना नम्रपणे, पण ठणकावून सांगितलं की इथं सगळं जुनंच असतं, जुन्यात खोट असायचीच, तेव्हा कृपा करून आपल्या टेबलावर बसा. टेबलापर्यंत सोडायलाही आली. जाता जाता मात्र तिनं हळूच विचारलं की मागच्या महिन्यात इथूनच एक कपाट घेतलंय, ते एकदा बघाल का.

इकडे बायकोनं सकाळपासून एकही पंखा विकला नव्हता. तिनं इतकी तोंड भरून स्तुती केली होती की लोकांना संशय यायला लागला. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर विचारलं की एवढे गुणी आहेत तर घराबाहेर का काढताय.

तोडगा काढला तो मुलीनं. ती औषधाच्या दुकानात काम करायची. तिचं म्हणणं असं की औषधाच्या खोक्यावर चक्कर येईल, मळमळेल, सगळं लिहिलेलं असतं, तरी लोक निवांत घेतात. न लिहिलेल्याचीच भीती वाटते. नातीच्या वहीचं पान फाडून तिनं चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक पंख्याचा दोष लिहायला वडिलांपुढे ठेवल्या. नापासराव खुर्चीत ताठ बसले, पेन झटकलं आणि कारखान्यातल्यासारख्या ठसठशीत अक्षरात लिहायला लागले. 'मान फिरत नाही. वारा एकाच बाजूला.' 'घुमल्यासारखा आवाज करतो, थांबत नाही.' 'वारा पुढे न येता मागे जातो.'

काठी टेकत आलेल्या एका आजींनी पहिली चिठ्ठी दोनदा वाचली. "मला हाच द्या," त्या म्हणाल्या. "घरात मी एकटीच. याला मान फिरवून बघायचंय तरी कुणाकडे?" नापासरावांनी पंखा लावून दाखवला, त्यांच्या उंचीला जाळी वळवून दिली आणि पुढे जाऊन रिक्षापर्यंत पोचवूनही आले.

घुमणारा पंखा एका सेवानिवृत्त पोस्टमननं घेतला. तो बावीस वर्षं छापखान्याच्या भिंतीला लागून राहिला होता आणि मुलाच्या नव्या घरातल्या शांततेनं त्याची झोप उडाली होती. पंखा चालू करून तो स्टुलावर बसला आणि पाचव्या मिनिटाला त्याची मान छातीवर आली. हलवून उठवावं लागलं. उलट्या वाऱ्याचा पंखा पॉलिशच्या कारागिरानं नेला, त्याला वास खिडकीबाहेर ढकलायला असाच हवा होता. एका घाईतल्या माणसानं चिठ्ठी न वाचताच पैसे काढले, तर नापासरावांनी त्याला ती मोठ्यानं वाचून दाखवली. तो निघून गेला. बायकोनं कपाळावर हात मारला, पण दुपारपर्यंत सात पंखे गेले होते, म्हणून तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

उरलेल्या चारांतल्या एका पंख्याला मात्र चिठ्ठीच नव्हती. निळ्या पात्यांचा, चकचकीत. मुलीनं विचारलं, याचा काय दोष? नापासराव म्हणाले, असू दे तो. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, त्यांनाही तेच उत्तर.

"अहो, काहीतरी लिहा ना," बायको म्हणाली.

"काय लिहू," ते म्हणाले. "यात काही दोषच नाही."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी एकदा सकाळीच मॅनेजरशी त्यांची वाजली होती. ते येऊन टेबलाशी बसतात तोच पलीकडे एक तरुण फिटर कशाला तरी हसला. यांना वाटलं, आपल्यालाच हसला. पुढचा पंखा त्याचा आला. यांनी बटण न दाबता लाल चिठ्ठी बांधली. त्या महिन्यात त्या पोराचा तेवढा एकच पंखा नापास होता, आणि तेवढ्यावरून त्याचं लाइनप्रमुख होणं हुकलं. आठवड्यानं यांनी तो पंखा घरी आणला, महिनाभर चालवला, कान देऊन ऐकला. निर्दोष. त्याला हे सांगायचं म्हणता म्हणता तो फिटर दुसरीकडे गेला.

बायकोनं त्या पंख्याकडे पाहिलं. हाच सव्वीस वर्षं कपाटावर होता आणि दर आठवड्याला हे त्याची धूळ पुसत. तिला वाटायचं, आवड आहे.

ती काही बोलणार इतक्यात टेबलासमोर टक्कल पडलेला, हाताला ग्रीस लागलेला एक माणूस येऊन उभा राहिला. तीन रांगा सोडून त्याचं नटबोल्टच्या डब्यांचं टेबल होतं. त्यानं गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं की एक म्हातारा कपांना टिचक्या मारतोय आणि डोळे मिटून खुर्च्या ऐकतोय. "म्हटलं, असं जगात एकच माणूस करू शकतो," तो म्हणाला. "ओळखलंत का, साहेब?"

नापासराव उठून उभे राहिले. त्यांनी निळा पंखा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, मॅनेजरपासून. "मी न तपासताच नापास केला होता. चूक माझी होती," ते म्हणाले.

फिटरनं पंखा उलटा केला, खिशातून पेचकस काढून मागचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि हसायला लागला. "साहेब, यात मागचा वॉशरच नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी डबा संपला होता. उठून कोण आणणार, म्हणून मी तसाच जोडला. तुमची चिठ्ठी बघून माझी गाळण उडाली. म्हटलं, न उघडता यांना कळलं कसं. म्हणून तर मी चकार शब्द काढला नाही." आणि लाइनप्रमुखाचं म्हणाल, तर ती जागा त्याच्या मेहुण्याला मिळाली आणि दोन वर्षांत मेहुण्याला रक्तदाब जडला, हेही त्यानं सांगितलं.

आता कुणीही म्हणेल की नापासरावांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. उतरलंही असेल, पण त्यांचा चेहरा पडला. "महिनाभर चालवला मी," ते म्हणाले. "मला आवाज आला नाही."

"बारीक आहे, साहेब. मान पूर्ण वर केली की येतो."

वायर लावली. मान वर केली. नापासराव, फिटर, नात आणि शेजारच्या टेबलांवरचं कुणी कुणी, अशी सहा डोकी पंख्याभोवती वाकली. बराच वेळ नुसता वारा. मग अगदी बारीक, टिक. पुन्हा टिक. नापासरावांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की बायकोनं मान फिरवून मुलीला हळूच दाखवलं.

फिटरच्या डब्यात हवा त्या मापाचा वॉशर निघाला. पंखा त्यालाच द्यायचा असं नापासरावांनी ठरवलं, त्यानं नको म्हटलं, यांनी घेच म्हटलं, आणि शेवटी पंखा त्याच्या टेबलावर जाऊन वारा घालायला लागला. राहिलेले तीन पुन्हा डिकीत बसले.

पुढच्या रविवारी फिटर ते तीन पंखे बघायला घरी आला. दिवाणखान्यात वर्तमानपत्रं पसरली गेली, पंखे खोलले गेले, स्क्रू वाट्यांमधून वेगळे ठेवले गेले. त्याच्या पुढच्या रविवारी शेजाऱ्यांनी आपापले बिघडलेले पंखे आणून दिले. बायकोनं पडद्याचं कापड गुंडाळून शेजारणीकडे नेलं आणि तिथून मुलीला फोन केला. घरात सध्या किती पंखे आहेत असं मुलीनं विचारलं. आई म्हणाली, मोजायला आत जाता येत नाही, आणि दाराशी उभं राहून जेवायला हाक मारावी, तर दोघांचेही डोळे मिटलेले असतात.