कार्डामागची सही

ती घटना आठवली की आजही माझा हात शर्टाच्या खिशाकडे जातो.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार झालो, तेव्हा हौसेने शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. मांडवीला व्यापाऱ्यांचा ओळखी वाढवायचा मेळावा होता. मी बंदोबस्ताला गेलो आणि जेवणाच्या रांगेत कार्डं वाटत सुटलो. एक जण म्हणाला, "साहेब, मागे दोन शब्द लिहा ना." मी लिहिलं, 'माझ्या ओळखीचे आहेत', आणि सही ठोकली. त्याचं नावही मला धड ठाऊक नव्हतं.

वर्षभराने मिरकरवाडा बंदरावरची एक बाई ठाण्यात आली. तेच कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं.

"हे सायब कुठं भेटतील?"

"मीच तो, चाची."

"मग तुम्हालाच ठाव असेल. माझा पोरगा कुठं हाय?"

मेळाव्यात माझी सही घेतलेल्या त्या माणसाने पोराला आखातात बोटीवर कामाला पाठवलं होतं. खात्री म्हणून माझं कार्ड चाचीच्या हातात ठेवलं होतं. दीड महिना पोराचा फोन बंद.

चाचीने पत्ता दिला, तसं त्याला ताब्यात घेतलं. दुपारपर्यंत तोंड उघडेना. मग हळूच म्हणाला, "साहेब, ते कार्ड कागदावर आलं तर तुमचंही नाव येईल. निवृत्तीला किती राहिलं?"

याच भरवशावर तो गप्प होता. मी पंच बोलावून त्याच्यासमोर कार्ड पंचनाम्यात घेतलं. मोठ्या साहेबांना सांगून तपास दुसऱ्याकडे दिला आणि साक्षीदार म्हणून जबाब द्यायला बसलो.

"अक्षर माझं, सही माझी. लिही."

लेखनिक घुटमळला. "साहेब, एवढं गाळू का?"

"गाळलंस तर तुझी तक्रार करीन."

ते ऐकून समोर बसवलेल्या त्या माणसाचं अवसान गळालं. संध्याकाळी त्याने बोटीचं नाव आणि तिकडच्या माणसाचा नंबर दिला. फोन लागला. पोरगा तापाने नऊ दिवसांपूर्वी गेला होता.

चाचीला सांगायला मीच गेलो. ती दारातल्या जाळ्याच्या ढिगावर बसली.

"तो जायला तयार नव्हता, सायब. मीच त्याला कार्ड दाखवलं. म्हटलं, पोलिसाची सही हाय, जा."

त्या माणसाला शिक्षा झाली. मला कोणी काही म्हटलं नाही, चाचीनेसुद्धा नाही. ओळखी वाढवा, कार्डं द्या, माझी ना नाही. पण आपल्या नावाच्या भरवशावर कोणीतरी स्वतःचं पोर पाठवतं, हे मला उशिरा कळलं.

आजही कोणी ओळखीची चिठ्ठी मागितली तर मी आधी त्याच्या घरी जाऊन येतो. लोकांना राग येतो. येऊ दे.