बुन्योनीच्या काठावरची आई

माझ्या मुलीची पोहण्याची शेवटची परीक्षा होती तेव्हा आई आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नलाच होती. दर उन्हाळ्यात ती सांगलीहून तीन महिने यायची. इथे प्रत्येक मुलाला लहानपणीच पोहायला शिकवतात, कारण घराच्या पुढेमागे कुठेतरी पाणी असतंच. परीक्षेच्या तीन पायऱ्या असतात, ए, बी आणि सी. सीला मुलांना बूट, लांब पँट आणि वर जाकीट घालून पाण्यात उडी मारायला लावतात. बुडणारा माणूस काही पोहण्याचा पोशाख घालून बुडत नाही, असा त्यामागचा विचार.

आम्ही सगळे पालक चपलांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून तलावाच्या कडेला बाकांवर बसलो होतो. क्लोरीनचा वास, उकाडा, काचांवर वाफ. माझ्या आईने सगळी परीक्षा टक लावून पाहिली. मुलगी पाण्याखाली टांगलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे निघाली तेव्हा आई थोडी पुढे वाकली. प्रमाणपत्र मिळालं, फोटो झाले. सायकली काढताना आई म्हणाली, "हिला आता बुन्योनीला न्यायला पाहिजे."

मी कुलूप उघडता उघडता थांबले. बुन्योनीचं नाव आमच्या घरात कितीतरी वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

माझे बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते. सांगलीकडची बरीच माणसं त्या काळात पूर्व आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत नोकरीला गेली, तसे तेही युगांडाला गेले. मी आणि माझा धाकटा भाऊ तिथेच प्राथमिक शाळा शिकलो. कारखान्याच्या वसाहतीत पाच-सहा मराठी कुटुंबं होती. कारखाना देखभालीसाठी बंद झाला की बाबा आम्हाला गाडीत घालून देशाच्या पार नैर्ऋत्य टोकाला, बुन्योनी तळ्यावर न्यायचे. वाटेत एक मुक्काम व्हायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा घाट चढून गाडी वळली की खाली एकदम तळं दिसायचं. चहूबाजूंनी डोंगर, डोंगरांवर वरपासून खालपर्यंत पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, आणि मधल्या हिरवट पाण्यात टेकड्यांसारखी वर आलेली बेटं. त्या तळ्यात पाणघोडे नाहीत, मगरी नाहीत. मुलांना घेऊन जायला एवढी निर्धास्त जागा त्या भागात दुसरी नाही असं बाबा सगळ्यांना सांगायचे.

तिथला दिवसाचा कार्यक्रम ठरलेला असायचा. सकाळी धुकं उठलं की बाबा निलगिरीच्या खोडातून कोरलेली एक होडी भाड्याने घ्यायचे. एक नावाडी, बाबा आणि आम्ही दोघं भावंडं. समोरच्या बेटाला वळसा घालून यायचं. आई यायची नाही. तिला पाण्याची भीती वाटते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ती काठावर चटई टाकून बसायची, स्टोव्ह पेटवायची आणि आम्ही परत येईपर्यंत पोहे करून ठेवायची. आम्ही भावंडं होडीतून हात हलवायचो. आई हात हलवायची. आम्हाला तिची थोडी कीव यायची.

मग बाबांची नोकरी संपली, आम्ही परत आलो. पुढे माझं लग्न झालं. नवऱ्याच्या नोकरीपायी मी नेदरलँड्सला आले. पहिली दोन वर्षं डच शिकण्यात आणि खिडकीतून पाऊस पाहण्यात गेली, नंतर ॲमस्टलव्हेनला एका दंतवैद्याकडे काम मिळालं. मला पोहता येत नव्हतं. मुलगी चालायला लागली तशी शेजारणीने मला जवळजवळ हाताला धरून मोठ्या बायकांच्या पोहण्याच्या वर्गाला नेऊन घातलं. दारात कालवा असताना लहान मुलाच्या आईला पोहता येत नाही, ही गोष्ट तिला पटतच नव्हती. तर अशी मी पस्तिशीत पोहायला शिकले. एव्हाना बाबा गेले होते.

आईने बुन्योनीचं नाव काढलं आणि मग ते सोडलं नाही. जेवताना, भाजी निवडताना, कुठेही. मुलगीही मागे लागली. नवऱ्याला रजा मिळेना. तो म्हणाला, तुम्ही तिघी जा. त्याला वाटलं असावं की आम्ही जाणार नाही. शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही तिघी ॲमस्टरडॅमहून थेट एन्टेबेच्या विमानात बसलो.

रस्ते आता चांगले झाले होते, तरी गाडीत दिवसभर बसून आईचे गुडघे आखडले. शेवटच्या घाटात मात्र ती ताठ बसली. आम्ही पूर्वी उतरायचो ते विश्रामगृह कुठे होतं ते काही कळलं नाही. त्या बाजूला आता लाकडी खोल्यांची बरीच हॉटेलं झाली होती, रंगीत होड्या होत्या, कुणी दोरीला लटकून पाण्यात उड्या मारत होतं. पण डोंगर तेच होते. संध्याकाळी चुलींचा पांढरा धूर शेतांवरून सरकत खाली आला, आणि लव्हाळ्यातल्या सुगरण पक्ष्यांनी असा कलकलाट केला की मुलीने कानांवर हात ठेवले. मला एकदम आठ वर्षांची झाल्यासारखं वाटलं. बाबांना फोन करून सांगावं असं मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मुलीने हॉटेलच्या लाकडी धक्क्यावरून सरळ पाण्यात उडी मारली. मी शिडीने हळूहळू उतरले. पाणी गार होतं, आणि पायाखाली काहीच नव्हतं. या तळ्याचा तळ फार खोल आहे म्हणतात. मी धक्क्याला धरून धरूनच पोहत होते. आई वर खुर्चीत बसली होती. थोड्या वेळाने ती उठून खोलीकडे गेली. तिला ऊन लागलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

ती परत आली तेव्हा तिने माझा जुना कुर्ता आणि लेगिंग्ज घातल्या होत्या. ओढणी कमरेला घट्ट बांधली होती. केसांचा अंबाडा वर ओढून बांधला होता. ती शिडीपाशी आली आणि पाठमोरी होऊन उतरायला लागली.

माझ्या आधी मुलीने पाहिलं. ती इतक्या वेगाने शिडीकडे आली की पाणी माझ्या तोंडावर उडालं. तिला मराठी सगळं समजतं, पण घाबरली की ती डचच बोलते. आजीकडे डिप्लोमा नाही, इथे खोल आहे, आजीला पाण्यात उतरता येणार नाही, तू तिला थांबव, असं ती मला भराभर सांगत होती.

"काय म्हणते ती?" आईने शिडीवरूनच विचारलं.

मी सांगितलं. खरं तर मीही तेच म्हणणार होते.

"तिला सांग, माझी परीक्षा कृष्णेत झालीय," आई म्हणाली. "आमच्या नदीत मगरी होत्या. इथे तर काहीच नाही."

आणि ती पाण्यात शिरली. गळ्यापर्यंत बुडाल्यावर क्षणभर थांबली, श्वास घेतला आणि शिडी सोडली. मान वर, हनुवटी पाण्याला लागलेली, हात पुढे सरळ जाऊन बाजूला पसरत होते. पाण्याचा आवाज होत नव्हता. मी क्लासमध्ये शिकलेलं पोहणं म्हणजे सगळी धडपड होती. आई एखादी वस्तू पाण्यावरून सरकवावी तशी जात होती. मुलगी तिच्या शेजारून जात होती, अगदी जवळून, हात पुढे करून, आता आजी बुडेल आणि मग आपल्याला शिकवल्याप्रमाणे तिला हनुवटीखाली धरून ओढत आणावं लागेल अशा तयारीने. दोघी लव्हाळ्यापर्यंत गेल्या, वळल्या, आल्या. मी तोवर वर चढून टॉवेल हातात धरून उभी होते.

दुपारी मुलगी झोपली. आई धक्क्यावर उन्हात केस मोकळे सोडून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली. तिचं माहेर कृष्णाकाठचं. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून भावांबरोबर तिलाही नदीत टाकलं होतं. मुलींना मोठं होईपर्यंत पोहू द्यायचे, मग घाट बंद. पण ती कपडे धुवायच्या निमित्ताने लग्नापर्यंत पोहत राहिली. लग्नानंतर सांगलीत आली आणि ते सुटलं.

"मग बुन्योनीला?" मी विचारलं.

"तुझ्या बाबांना पोहता येत नव्हतं," ती म्हणाली. "ठाऊक होतं तुला?"

ठाऊक नव्हतं. होडीत बाबा नेहमी मधोमध बसायचे आणि दोन्ही हातांनी काठ धरायचे, ते आता आठवलं. आम्हाला वाटायचं, ते होडीचा तोल सांभाळतात.

"मी होडीत आले असते तर कधीतरी पाण्यात उतरलेच असते, माझं पोहणं लपलं नसतं," आई म्हणाली. "तुम्ही ते वसाहतीत जाऊन सांगितलं असतं. बायको पोहते आणि नवरा काठ धरून बसतो, याची चार वर्षं चेष्टा झाली असती, आणि मग ह्यांनी तुम्हाला पुन्हा तळ्यावर आणलं नसतं. भीती वाटते म्हटलं की प्रश्नच मिटला." आमची होडी निघाली, पोहे करून झाकून ठेवले, की ती साडी सोडून ठेवायची आणि परकर-पोलक्यावर पाण्यात उतरायची. होडी बेटाआडून परत दिसायला लागली की बाहेर. आम्ही यायचो तेव्हा तिचे केस ओले असायचे, ती आंघोळ केली म्हणायची, आणि आम्हाला कधी प्रश्न पडला नाही.

"पण आम्ही त्या होडीत, बाबांना पोहता येत नाही, आम्हाला येत नाही," मी म्हटलं. "तुला काळजी नाही वाटायची?"

"म्हणून तर पाण्यात असायचे," ती म्हणाली. "काठावरून निघायचं म्हणजे उशीर झाला असता."

हे तिने केसांतला गुंता सोडवता सोडवता सांगितलं. मग जरा वेळाने, तळ्याकडे पाहत, म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू, मला आवडायचंही. वर्षातून तेवढाच वेळ मला कुणी हाक मारायचं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात इतकी वर्षं त्या काठावर एक बाई बसलेली होती, हात हलवणारी, मागे राहिलेली. आता तिथे नुसती घडी घातलेली साडी आणि झाकण ठेवलेलं पातेलं दिसत होतं.

पुढचे दिवस दोघी आजी-नात रोज पोहल्या. मुलीने आजीला पाठीवर तरंगून नुसते पाय मारायला शिकवलं, आईने तिला पाण्यात उभं राहून दोन्ही हात बाहेर काढायला. एका सकाळी आम्ही नावाड्याशिवाय होडी घेऊन पाहिली. ती जागच्या जागी गोल गोल फिरत राहिली आणि काठावरची माणसं हसली. आई मधोमध बसली होती. तिने काठ धरला नव्हता. थोड्या वेळाने ती म्हणाली, हे इथे असते तर फार रागावले असते. मग ती हसता हसता रडली, आणि मुलगी वल्हं टाकून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. होडी पुन्हा फिरली.

उइटहॉर्नला परतल्यावर मी भावाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, की पोह्यांत कधीकधी पाण्याचा थेंब पडलेला असायचा, तिच्या केसांतून, आणि तो त्यावरून कुरकुर करायचा.

त्यानंतर दोन उन्हाळे आई आली. मुलीबरोबर जवळच्या तळ्यावर जायची. तिथे वाळू असते, आइस्क्रीमची गाडी असते, आणि लाइफगार्ड शिट्टी वाजवतो. पहिल्या दिवशी तो धावत आला होता, कुर्ता घालून खोल पाण्यात निघालेल्या म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवत. मुलीने त्याला डचमध्ये काय सांगितलं कोण जाणे, तो परत गेला.

आता आईला लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केलाय. ती भावाकडे असते. रविवारी व्हिडिओ कॉल होतो. नात आता तिच्याहून उंच झालीय, मराठीत दोन वाक्यं बोलते आणि मग इंग्रजीवर जाते. आजी सगळं कळल्यासारखी मान हलवते. मागच्या रविवारी आईने मला विचारलं की आमच्या जवळच्या तळ्याचं पाणी आता कसं आहे. मी म्हटलं, अजून फार गार आहे, मी गुडघ्यापर्यंत जाऊन परत आले.

"गुडघ्यापर्यंत गेलीस म्हणूनच गार लागलं," ती म्हणाली. "एकदम गळ्यापर्यंत जायचं असतं."