दोन मुऱ्हाळी

आमरसाचा वास आला की मला धुळ्यात आमच्या दारात उभ्या राहिलेल्या दोन गाड्या आठवतात. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझं माहेर जळगावचं, पण तिथला धंदा चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. वडिलांचा मटका होता, थोरल्या भावाने त्यात दारूचा धंदा आणला आणि चुलत भाऊ नदीतली वाळू उपसायचा. वडील गेले त्या वर्षी त्यांच्या जागी कोण, हे ठरायचं होतं, म्हणून दोघांनीही मुऱ्हाळी पाठवला. मी ज्याच्या गाडीत बसेन, त्याला वडिलांच्या लेकीने मानलं असं बाहेर धरलं जाणार होतं. "त्यासनी गाडीमा नको बसू अक्का, वाळू लागी!" भावाचा माणूस म्हणाला. "तुमनी गाडीले दारूना वास येस!" दुसरा हसला. दोघांच्याही कमरेला काहीतरी खोचलेलं दिसत होतं. मी यादीप्रमाणे भरलेली बॅग उचलली, रिक्षाने स्टँड गाठला आणि बस धरली. माहेरी निंबाला झोका बांधलेला होता, पण मला झोका द्यायला वहिनीसुद्धा उठली नाही. भावाने विचारलं, "कोनी गाडीमा उनी?" मी म्हटलं, "बसने." तो म्हणाला, "मंग बसमाच परत जाय." मग चुलत भावाकडे गेले, त्याने तर दारच उघडलं नाही. आता तिथे कोणाचं चालतं, ते मला पेपरातून कळतं. आखाजी जवळ आली की मी अजून बॅगेची यादी करते, साड्या, गोळ्या, चार्जर, आणि शेवटी 'न्यायला कोण' लिहून पुढची जागा मोकळी सोडते.