जयवंताने सायकलचं बघितलं

कळंबच्या नाक्यावर जयवंताचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. पाऊस आला की जयवंता लोकांच्या सायकली आत घेतो आणि जागा संपल्यामुळे स्वतः बाहेर उभा राहतो. गिऱ्हाइकाच्या सायकलवर तो चहा आणायलासुद्धा जात नाही. त्याच्याकडे सोडलेली सायकल कधी हरवली नाही, एवढीच त्याची इस्टेट.

गावातले दशरथकाका लेकीकडे खालापूरला निघाले, तेव्हा त्यांनी सायकल दुकानाला टेकवली, "जयवंता, सायकलचं बघ रं जरा," म्हणाले आणि टेंपोत चढले.

जयवंताने बघितलं. पंक्चर नाही, चेन ठीक. ब्रेक लागत नव्हता, तो त्याने लावून दिला. पण ब्रेकबद्दल काकांची कधी तक्रारच नव्हती. मग बघायचं काय? त्याने काकांचं वय विचारात घेतलं, दुखरा गुडघा विचारात घेतला; सायकल आता त्यांना झेपायची नाही. आमच्याकडे 'मुलीचं बघा' म्हटलं की स्थळ बघतात. जयवंता सायकलसाठी स्थळ बघू लागला.

बरीच नाकारली. एकाच्या अंगणात सावली नव्हती, एकाचा स्वभाव तापट होता. शेवटी पोशीरच्या मनोजचं घर पसंत पडलं. त्याची लेक जागृती नेरळला कॉलेजात जायची आणि रोज रिक्षाची वाट बघत उभी राहायची. "व्यवहाराचं काका आल्यावर बोला," असं सांगून जयवंता सायकल पोचवून आला.

काका परतले ते पिशवी घेऊन थेट दुकानातच.

"माझी सायकल कुठं हाय रं?"

"दिली, काका. माणसं चांगली हायत."

"दिली? आरं, लक्ष ठेव म्हटलं व्हतं तुला!"

जयवंताने टपरीत नजर फिरवली. दुकानात सोडलेली सायकल दुकानात नाही, आणि घालवणारा तो स्वतः.

"माझी घ्या, काका."

"तुझी काय करू? मला माझी पायजे."

जयवंताने काकांना कॅरिअरवर घेतलं आणि पोशीर गाठलं. सायकल ओटीवर उभी होती, अंगावर जुनी साडी पांघरून. काकांनी साडी बाजूला केली आणि ब्रेक दाबला. लागला.

"हिला ब्रेक हाय?"

"हाय ना, आजोबा," जागृती म्हणाली. तिने आरसा पुसावा तसं घंटीवरून बोट फिरवलं आणि चावी त्यांच्यापुढे धरली. "न्यायला आलात ना?"

काकांनी चावी घेतली नाही. "राहू दे गं पोरी तुलाच. माझ्या दारात हिला शेळी बांधतात."

"असं नाय चालणार," जयवंता म्हणाला. "दुकानात सोडली, दुकानातनंच घ्यायची. मग कुणाला बी द्या."

तिघे कळंबला परत आले. पुढे जयवंता आणि काका, मागे सायकलवर जागृती. दुकानासमोर काकांनी हँडल धरलं.

"मिळाली?" जयवंताने विचारलं.

"मिळाली रं बाबा!"

मग काकांनी ते हँडल जागृतीच्या हातात दिलं आणि ती पोशीरला गेली.

राहिले काका. जयवंताने त्यांना पिशवीसकट घरी नेलं आणि त्यांच्या बायकोला, सोनुबाईंना, दारात बोलावलं. "काकी, हे काका. नीट तपासून घ्या."

सोनुबाईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गेले व्हते तसंच आणलंस की रं," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती काय नाय केलीस?"