दुसरा फोटो

"पाय कोणी चोळलो, तां सांग पयलां."

पेडण्याच्या आमच्या इस्पितळात एक्स-रे काढणारे मामा मशीनला हात लावण्याआधी हे विचारत. मुका मार बसलेला स्नायू गरम तेलाने रगडला, की कधी कधी त्यात चुना साचतो आणि घोट्यापाशी गाठ धरते. हे मलाही ठाऊक होतं हो, मी डॉक्टर आहे! पण मी विचारलं की पेशंट "नाही, नाही" म्हणायचे आणि मामांसमोर बसले की लगेच आईचं नाव सांगून कबूल, "आवशीन चोळलो, मामानू." असा जळफळाट व्हायचा माझा!

मला ते 'बाय' म्हणायचे, घरच्या पोरीला म्हणावं तसं. वयाने माझ्या दुप्पट, मान्य. पण चार लोकांत डॉक्टर, निदान गावच्या भाषेत दोतोरीण म्हणायला काय जात होतं?

आणखी एक खोड. फोटो काढताना पेशंटच्या पावलाभोवती कागदावर पेन्सिल फिरवायचे, घोटा किती वळवला ते लिहायचे, तारीख घालायचे. कंप्युटर असताना! "मामा, चपला शिवायला घेतल्यात काय?" मी सगळ्यांदेखत म्हणाले होते. ते नुसते हसले.

एकदा पार्सेचा पाडेली आला, माडावर चढून नारळ पाडणारा. घोट्याच्या वर टणक गाठ. मार रोजचाच, त्यातला कुठला आठवणार त्याला? फोटोत स्नायूमध्ये पांढुरका ढग दिसला. कॅन्सरची शंका लिहून मी त्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथली तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. त्याची बायको तिथेच रडायला लागली, "पाय कापलो तर माडार कोण चडतलो?"

जायच्या आदल्या दिवशी मामांनी त्याला परत बोलावलं. मला न विचारता! त्याच कागदावर पाऊल ठेवून, घोटा तेवढाच वळवून दुसरा फोटो काढला. मी तणतणत गेले.

"बाय, रागावू नको. हय पळे."

दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते. ढगाची कड आता गच्च पांढरी, मधला भाग मोकळा, हाडापासून सुटा. कॅन्सर असा कडेकडून घट्ट होत नाही. पुस्तकात वाचलं होतं मी. दिसलं मात्र त्यांना.

रिपोर्ट मी लिहिला. दोन दिवसांनी मोठ्या इस्पितळातून फोन आला: चुनाच आहे, कापायचं काही नाही, आणि दुसरा फोटो हुबेहूब पहिल्यासारखा घ्यायचं ज्याला सुचलं, त्याला शाबासकी.

"थँक यू, सर," मी म्हणाले.

पाडेली काही महिन्यांनी पुन्हा माडावर चढू लागला. मामांनी हा विषय कधी काढला नाही. त्याचाही मला रागच यायचा.

आता ते नाहीत, म्हणून तुमच्यापुढे बोलते. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. पहिल्या रांगेत मामी नवी साडी नेसून बसल्या होत्या. सांगायचं ते ओठांवर आलं होतं. पण ती शाबासकी मला सोडवेना.

"मामा अतिशय वक्तशीर होते," एवढं बोलून मी खाली बसले.

सगळ्यांत जोरात टाळ्या मामांनीच वाजवल्या. मामींकडे वाकून म्हणाले, "आमची दोतोरीण. खूब हुशार."