हात दाबून विचारणं

पापडी गावात कुस्ती खेळणारे एक काका आमच्या शेजारी राहत. तिकिटाच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांमध्ये निकाल आधीच ठरलेला असे आणि हरणं बहुधा त्यांच्या वाट्याला येई. कान चुरगळलेले, बोलणं थांबत थांबत. मी आमच्या घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, म्हणून मला ते "प्रोफेसर" म्हणत.

एकदा मी म्हणालो, "काका, पण ती कुस्ती खोटीच ना?"

ते रागावले नाहीत. माझा हात हातात घेऊन त्यांनी हळूच दाबला.

"पकडीत असताना असा दाबायचा. समोरच्यानं उलट दाबला तर तो ठीक आहे, पुढे चला. नाय दाबला तर सोडायचं. याच्याशिवाय लांब कुस्ती होत नाय, प्रोफेसर. लोकांना वाटतं आपण मारतोय. आपण विचारत असतो."

त्यांची बायको वारली तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. शवपेटी बंद करायची वेळ झाली होती. रोझरीची माळ गुंडाळलेला तिचा हात त्यांनी हातात घेतला, हळूच दाबला आणि मान कलती करून ते तसेच उभे राहिले.

"चल रे, फादर खोळंबलेत," त्यांचा भाऊ म्हणाला.

"जरा थांब."

त्यांनी पुन्हा दाबला, मघापेक्षा थोडा जोरात. ते काय विचारत होते, ते त्या खोलीत बहुतेक मला एकट्यालाच कळत होतं. मी खाली पाहिलं.