रिकामा डबा परत करायचा नसतो

लग्न होऊन साताऱ्याहून बेंगळूरला आले तेव्हा मला दोनच गोष्टी उत्तम येत होत्या, पुरणपोळी आणि रुसून बसणं. नवरा भोंगा वाजायच्या आत कारखान्यात पोचलेला असायचा. मग राजाजीनगरातल्या त्या दोन खोल्यांत मी, आणि भिंतीपलीकडून येणारं कन्नड.

एकदा शेजारच्या अक्का दारात आल्या. धारवाडकडच्या, मराठी येणाऱ्या. हातात वनस्पती तुपाचा जुना डबा, त्यात जाड, राखाडी-हिरव्या पानांचं रोप, अगदी दगडात कोरलेल्या गुलाबासारखं. पाणी स्वल्प घाल, माती सुकली की मगच, एवढं त्यांनी बजावलं.

मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तुळशीसारखी त्याची सेवा मांडली. आंघोळ झाली की तांब्याभर. दुपार सरेना की अर्धा. जिन्यात पावलं वाजून दुसऱ्याच दाराशी थांबली की आणखी थोडं. पानं काचेसारखी झाली, तर मला वाटलं तजेला आला. मग एक दिवस अख्खा गुलाबच हातात आला. खाली नुसता चिखल.

आता आमच्याकडची रीत अशी, की शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. साखर घालून दिली असती, पण मग रोपाची चौकशी झाली असती. तेव्हा महाराणींनी उपाय काढला. अक्कांची चाहूल लागली की कडी लावायची. अक्कांनी बरेचदा दार वाजवलं. मग वाजवेनाशा झाल्या. सगळ्या गावात एकच दार माझ्यासाठी उघडं होतं आणि मी माझंच लावून बसले.

संक्रांतीच्या आधी खिडकी झाडताना कोपऱ्यात एक गळून पडलेलं पान सापडलं. सुरकुतलेलं. पण त्याच्या देठाशी वाटाण्याएवढा गुलाब फुटला होता. माझ्या पाण्याविना! तो डब्यात लावला, हात मागे बांधून वाढवला, आणि रुपयाएवढा झाल्यावर अक्कांचं दार वाजवलं.

अक्कांनी डबा पाहिला, मला पाहिलं. "यासाठी दडून बसलीस व्हय? मला वाटलं, मी आवडत नाही तुला." मग म्हणाल्या, "रिकामाच आणायचा होतास. मी काय त्यात जेवते?"

उन्हाळ्यात त्यांच्या यजमानांची बदली झाली. जेमतेम ओळख झाली होती. टांग्यात बसताना डबा त्यांनी माझ्याच हातात ठेवला.

त्या रोपाची पिल्लं अजून माझ्या गच्चीत आहेत. कुणी मागितलं की देते. डब्याचं काय, विचारतात. म्हणते, रिकामा आणून दे. पण ये.